रस्त्यात टेकलेली गौर

शेणवा, ११ ऑगस्ट

रेश्मा हिस,

तुला आशीर्वाद लिहू की नुसतंच नाव, यातच अर्धी दुपार गेली. आशीर्वादच घे. मी ताराबाई, भावनाची आई.

फोन असताना पत्र का, ते आधी सांगते. जावईबापूंनी भावनाचाच फोन तुला वापरायला दिला. त्यात चूक काही नाही. गॅस, बँक, पायलची शाळा, सगळं त्याच नंबराला जोडलेलं. पण तू फोन केलास की माझ्याकडे भावनाचं नाव येतं आणि तिचा हळदीतला फोटो येतो. माझा हात पुढे होत नाही. शेखर म्हणाला, आई, नाव बदलून देतो, तर मी त्याच्या हातून फोन काढून घेतला. तेव्हा पत्रच बरं. माझा भाचा साईनाथ टेम्पो घेऊन मुरबाडवरून घाटाकडे जातो, तुमच्या वैशाखऱ्याच्या रस्त्यानंच. तो आणून देईल नि तुझं उत्तर घेऊन येईल.

आता कामाचं. भावना गेली त्याला या दिवाळीत तीन वर्षं होतील. मधले दोन भादवे आम्ही गौर आणली नाही. यंदा आणायची आहे. आमच्यात गौर घरच्या लेकीनं आणायची असते. सून कितीही गुणाची असो, तिनं उंबऱ्याच्या आत थांबायचं. लेक विहिरीवर जाते, तेरड्याची जुडी धुऊन सुपात घेते, तोंडात पाण्याची चूळ धरते आणि घरापर्यंत बोलत नाही, मागे बघत नाही, गौर खाली टेकवत नाही. टेकली तर ती तिथंच बसली, घरी आली नाही, असं धरतात. भावना आठवीत होती तेव्हा येताना बाभळीचा काटा तिच्या टाचेत गेला. पोर लंगडत आली, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंडातलं थेंबभर सांडलं नव्हतं. अशी माझी लेक.

आता माझ्या घरात लेक नाही. जुन्या बायका म्हणतात, दुसरेपणावर दिलेली मुलगी पहिलीच्या आईबापांची लेक लागते. हा रिवाज काही मी केलेला नाही. पण रिवाज आहे म्हणून बोलावते. तू ये, गौर आण. आणि तुमच्या लग्नाच्या बैठकीत ठरलं होतं तसं, यंदाच्या गौरीला पायलला घेऊन ये आणि माझ्याकडे ठेवून जा. माझ्या लेकीचं तेवढंच उरलं आहे.

ताराबाई


वैशाखरे, १६ ऑगस्ट

ताराकाकूंना,

पाया पडते. साईनाथदादा पत्र देऊन चहा न घेताच गेले, मी चुलीशी बसून वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं तर ते अंगणात निघून गेले. भावनाताईंचा विषय निघाला की ते असेच बाहेर जातात.

काकू, मला माहेर नाही. आई लहानपणीच गेली, चुलत्यांनी वाढवलं. लग्न लावून दिलं नि हात झटकले. गेल्या गौरीला आमच्या आळीतल्या सगळ्या सुना पिशव्या भरून माहेरी गेल्या आणि मी घरात भात शिजवत होते. एकीनं जाता जाता विचारलं, तुझा भाऊ नाय आला न्यायला? मी म्हटलं, उद्या येईल. तुमच्या पत्रात 'ये' लिहिलंय. तुम्ही रिवाज म्हणून लिहिलंत हे मला कळतं. तरी मी येईन.

ताईंचा चांदीचा टाक आमच्या देव्हाऱ्यात आहे. सणाला पहिलं कुंकू मी त्यांना लावते, मग मला. फोनचं मला माहीत नव्हतं, आता करणार नाही.

पायलचं लिहिते. ती भाकरीची फक्त कडक कड खाते, मधला भाग कुत्र्याला. झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत लागतं. केसांत तेल चोळू देत नाही, पण गोष्ट सांगितली तर देते. गोष्टीत वाघ चालतो, मेलेलं कुणी चालत नाही. शाळेत तिला र नीट लिहिता येत नाही, तिच्यावर ओरडायचं नाही, हात धरून गिरवायचं. शेणव्याची शाळा घरापासून लांब आहे का? वाटेत मोठा रस्ता लागतो का?

बैठकीत ठरलेलं मला आठवतं. मला विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं होतं. तेव्हा मी पायलला पाहिलं नव्हतं.

रेश्मा


शेणवा, २१ ऑगस्ट

चि. रेश्मा,

पत्र पोचलं. पायलच्या सवयी तू आठवणीनं लिहिल्यास, बरं केलंस. म्हणजे तुझी तयारी झालेली दिसते. मी तुला नावं ठेवत नाही. तू तरुण आहेस, उद्या तुझं स्वतःचं मूल होईल. दुसरीच्या पोराचं किती दिवस करणार? शेजारची रंगू मला समजावते, अगो तारा, माय मरो मावशी जगो, तसं झालं म्हण. ही म्हण काढणाऱ्याची लेक मेलेली नसावी.

शाळा देवळापलीकडेच आहे, मोठा रस्ता लागत नाही. मी स्वतः पोचवीन.

इकडे घरात नुसती लगीनघाई चालली आहे. सरितानं, म्हणजे माझ्या सुनेनं, भिंती रंगवायला काढल्या आणि शिडीवरून चुन्याची बादली शेखरच्या डोक्यावर पाडली. तो तसाच आसनगावला गाडी धरायला पळाला, ऑफिसात सगळे विचारत होते म्हणे, नाटकात काम धरलंस का. पायलच्या आजोबांनी तिच्यासाठी माळ्यावरचा पाळणा उतरवला. मी म्हटलं, अहो, पोर पहिलीत आहे. तर म्हणाले, माझ्या ध्यानात ती तेवढीच राहिली. मग स्वतःच उचलून परत वर ठेवला. खाटेवर नवी गोधडी घातली आहे. खिडकीपाशी तिची जागा केली आहे.

गौरीला यंदा भावनाचा लग्नातला शालू नेसवणार आहे. आणि गौर येताना पुढं घंटी वाजवत पायल चालेल. भावना लहान होती तेव्हा तिच्या आत्यापुढं अशीच चालायची. घंटी घासून ठेवली आहे. तुम्ही गौरी येतात त्या दिवशी सकाळच्याच एसटीनं निघा.

ताराबाई


वैशाखरे, २५ ऑगस्ट

ताराकाकूंना,

पाया पडते. आम्ही दोघी येतो. ह्यांना यायला जमणार नाही, घरच्या गणपतीला कुणीतरी हवं. पायल आत्तापासूनच ताटली वाजवत अंगणात फेऱ्या मारते आहे.

तयारी झाली आहे असं तुम्ही लिहिलंत. तसं नाही, काकू. पण पत्रात नको. एक गोष्ट मागायची आहे, ती समोर बसून मागेन.

रेश्मा


वैशाखरे, ४ सप्टेंबर

ताराकाकूंना,

घरी पोचले. पायलची पिशवी नव्हती म्हणून हात मोकळे होते, उतरताना कंडक्टर म्हणाला, ताई, काही विसरलात का.

त्या दिवसाचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही घरीच होता. पण तुम्ही उंबऱ्याच्या आत होता आणि मी बाहेर, म्हणून लिहिते.

एवढं भरलेलं घर मी पाहिलं नव्हतं. आल्या आल्या सरितावहिनींनी मला पाट दिला नि त्याच दमात खोबरं खवायला दिलं, तेव्हाच मला घरची झाल्यासारखं वाटलं. घावणं अर्ध्यावर असताना गॅस संपला. तुम्ही सगळ्यांवर ओरडत मागची चूल पेटवलीत, आजोबा फुंकणी शोधत होते आणि ती तुमच्याच कमरेला होती. सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी मनात म्हटलं, आता मागावं. तेवढ्यात आरोळी आली की विहिरीवर धुऊन ठेवलेला तेरडा रंगूमावशींच्या शेळीनं खाल्ला.

मग पुन्हा तेरडा आणायचा म्हणून सगळ्या ओढ्याकडे पळालो. जुडी बांधेपर्यंत दिवस कलला. बायका घाई करत होत्या, दिवे लागायच्या आत गौर घरात पाहिजे. रंगूमावशींनी माझ्या हातात सूप दिलं, मी तोंडात पाणी घेतलं. पुढं पायल घंटी वाजवत. काकू, त्या वेळेला मला इतकं बरं वाटत होतं. बायका गाणं म्हणत होत्या, आणि माझ्या मागून चालणारी एक म्हातारी दुसरीला सांगत होती, ही तारीची लेक. मी मागे बघितलं नाही. बघायचं नसतं म्हणून, आणि रडू दिसलं असतं म्हणून.

मोरीच्या पुलाशी पायलचा पाय घसरला. ती 'आई गो' म्हणाली. मी सूप रस्त्यात ठेवलं आणि तोंडातलं पाणी थुंकलं. नियम मला पाठ होता. त्या वेळी काहीच आठवलं नाही. पायलच्या गुडघ्याला लागलं, बाकी काही नाही. मग कुणीतरी म्हणालं, गौर बसली गो रस्त्यात.

तुम्ही उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभ्या होता. तांदळाच्या पिठाची पावलं दारापासून पाटापर्यंत काढलेली. रंगूमावशींनी गौर उचलून आणली होती आणि माझ्या कडेवर पायल होती. तुम्ही आधी सुपातला चिखल बघितलात, मग मला. तुम्ही म्हणालात, "माझी लेक असती तर तिनं गौर खाली नसती ठेवली."

बरोबर आहे, काकू. ताईंनी नसती ठेवली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जेवल्या, मीही जेवले. सरितावहिनींनी त्यांची साडी नेसायला दिली, माझी वाळली नव्हती. त्यांना सांगा, साडी धुऊन साईनाथदादांकडे पाठवते. मागायचं होतं ते मागितलं नाही. सण मोडणाऱ्या बाईनं काय मागायचं? पायल झोपलेली असताना निघाले, तेही तुम्ही म्हणालात म्हणून. उठल्यावर तिनं विचारलं का?

रेश्मा


शेणवा, १२ सप्टेंबर

रेश्मा हिस,

साडी पोचली. पायल मजेत आहे. शाळेत जाते, बाईंनी तिचं अक्षर बरं आहे म्हटलं.

काही बारीकसारीक विचारते. भाकरीची कड म्हणजे तव्याकडची की निखाऱ्याकडची? दोन्ही देऊन पाहिल्या. दुसरं, ती न्हाणीत जाताना ओरडते. पाण्याची एवढी भीती तिला कधीपासून आहे? पदराचं टोक मी देते, ते हुंगते आणि सोडते.

विचारलं का, असं तू लिहिलंस. विचारलं.

ताराबाई


वैशाखरे, १५ सप्टेंबर

ताराकाकूंना,

आज अविधवा नवमी. ताईंचं पान वाढलं. ह्यांनी पहिल्यांदाच ताईंचं नाव मोठ्यानं घेतलं आणि बाहेर न जाता बसून राहिले. त्यांना आवडायची म्हणून मी अळूची भाजी केली होती. काय आवडायचं ते ह्यांनीच सांगितलं, मला कुठून माहीत असणार.

कड निखाऱ्याकडची, पण फुगलेल्या भाकरीची. न फुगलेली ओळखते ती.

पाण्याची भीती तिला नव्हती, काकू. ती तर हौदात खेळायची. थोडे दिवस बादलीत पाणी न भरता तांब्यानं हळूहळू घाला, पायांवर आधी. डोक्यावर एकदम ओतू नका. जाईल भीती.

तिची घरची चप्पल इथंच राहिली आहे. पाठवू का?

रेश्मा


शेणवा, २२ सप्टेंबर

रेश्मा बाई,

चप्पल पाठवू नको. कारण शेवटी सांगते.

तुझं पाण्याचं वाचलं आणि मला चैन पडेना. हौदात खेळणारं पोर तांब्याभर पाण्याला कसं भ्यायलं? रंगू शेळी सोडायला आली तेव्हा तिला दारातच धरलं. म्हटलं, रंगू, त्या दिवशी पुलावर काय झालं ते नीट सांग. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मग रडायला लागली. म्हणाली, पोर पुलावर नाय, पुलाखाली गेली. ओढ्याला पाणी होतं. फ्रॉक दिसला नि दिसेनासा झाला. आमी सगळ्या काठावर बोंबलत होतो, तिनं सूप ठेवलं नि उडी घेतली. तिनंच सांगितलं, घरी कुणी बोलू नका, घंटी घेऊन पुढं चालवायचं काकूंनी हौसेनं ठरवलं होतं, त्या जिवाला लावून घेतील.

गुडघ्याला लागलं, असं तू मला लिहिलंस. दारात दोघी भिजलेल्या दिसलात तेव्हा मी वाटेत सर आली असेल असं समजले. पत्रात ओली साडीसुद्धा लिहिलीस, आणि मी तिच्यावरून नजर फिरवून पुढं गेले. कड कुठली, एवढंच विचारत बसले.

संध्याकाळी हे सगळं मी पायलच्या आजोबांना सांगितलं. ते भात झोडायच्या फळीला खिळा ठोकत होते. हातोडी खाली ठेवून म्हणाले, "भावनाला काटा लागला तो तिच्या पायात लागला होता. पायल पडली असती तर तिनंबी गौर ठेवली असती." आणि पुन्हा ठोकायला लागले. चाळीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर मान डोलावत आला आहे. त्याला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

ठेवली असती, रेश्मा. माझ्या लेकीनं गौर रस्त्यात ठेवली असती, पाणी थुंकलं असतं आणि ओढ्यात उडी घेतली असती. जी लेक मी उंबऱ्यात उभी राहून तुला दाखवली, ती माझी नव्हतीच. गौर माझ्या दारात तेव्हा दोन पायांनी, ओल्या साडीनं, पोर कडेवर घेऊन उभी होती. आणि मी सुपातला चिखल बघत बसले.

आता पायलचं. मजेत आहे असं मी लिहिलं होतं ते खोटं. ती त्रास देत नाही, हाच त्रास आहे. सांगितलं की जेवते, सांगितलं की झोपते, पाहुण्यासारखी. खिडकीजवळच्या खाटेवर बसून रस्त्याकडे बघते. मी तिला भावनाच्या गोष्टी सांगितल्या. तुझी आई अशी, तुझी आई तशी. ती ऐकते आणि पुन्हा रस्त्याकडे बघते. तिच्या गोष्टीत मेलेलं कुणी चालत नाही हे तू लिहिलं होतंस, माझ्या लक्षात राहिलं नाही.

परवा घटाची माती चाळत होते. फोन खाटेवर होता. पायलनं तो उचलला, कुठंतरी बोट लागलं आणि भावनाचा फोटो वर आला. तो हळदीतला. मी म्हटलं, बघ गो, ओळखलंस का? ती बराच वेळ बघत राहिली. खाली नंबर होता. तुझा नंबर तिला पाठ आहे, हरवलीस तर सांगायचा म्हणून तू शिकवलेला. तो तिनं बोटानं एकेक आकडा धरून वाचला. मग मला म्हणाली, "आजी, तुझ्या फोनात आईचा फोटो चुकलाय."

मी मातीच्या हातांनी तशीच बसून राहिले. तिला कसं सांगू की चुकलेला नाही. आणि खोटं तरी कसं म्हणू? तिच्या लेखी चुकलाच आहे. मी तीन वर्षं धरून बसले होते की हिच्यात माझी भावना आहे, हिला जवळ घेतलं की भावना जवळ येईल. पोरीनं एका वाक्यात माझी लेक दुसऱ्यांदा नेली. तिचा काय दोष? सहा वर्षांची आहे, जी रोज भाकरी भाजते ती आई.

तुला काय मागायचं होतं ते मला आता कळलं. मागायची गरज नाही. उद्या शेखर सुट्टी टाकून साईनाथच्या टेम्पोनं पायलला घेऊन येतो. म्हणून म्हटलं चप्पल पाठवू नको. गोधडी तिच्याबरोबर देते. गौरीला नेसवताना शालूला लागलेला सुपातला चिखल मी धुतला, शालूही पिशवीत घातला आहे, पायल मोठी झाली की तिला दे. खाट मी माळ्यावर चढवायला सांगितली तर पायलचे आजोबा म्हणाले, राहू दे. राहिली आहे.

मला सगळं सोसलं असं समजू नको. उद्या टेम्पो वळणावरून गेला की माझं काय होईल ते मला माहीत नाही. तुझ्यावरचा रागही अजून सगळा गेलेला नाही, तू तिथं आहेस जिथं ती असायला हवी होती. तो माझ्याबरोबरच जाईल. पण तू मला विचारलं होतंस, सण मोडणाऱ्या बाईनं काय मागायचं. माहेर माग. पुढच्या भादव्यात शेखर तुला न्यायला येईल, आळीतल्या सगळ्या सुनांच्या देखत. पायलला पुलावरून मी हात धरून आणीन आणि गौर तू आण. रस्त्यात ठेवलीस तर मी रस्त्यात येऊन पूजा करीन.

आणि उद्या ती पोचली की पत्राची वाट बघू नको, फोन कर. शेखरला मी नाव बदलू दिलेलं नाही, फोटोही नाही. भावनाचंच नाव येईल, हळदीतलं तिचं तोंड येईल. मी उचलीन. तू बोल.

तुझी आई